मस्तगडहून मुंबई, दिल्ली आणि पुढे : अंतराचा आणि विमानाच्या वेळेचा खरा हिशोब

मोबाइलवर ‘जालना ते मुंबई अंतर’ असे विचारले की तीन वेगवेगळे आकडे समोर येतात. एक सव्वातीनशे किलोमीटर सांगतो, दुसरा चारशेच्या आसपास आणि तिसरा साडेचारशेच्या जवळ जातो. शेजारी ‘विमानाने सुमारे एक तास’ असेही लिहिलेले असते. यातला एकही आकडा खोटा नाही. पण जालन्याच्या मस्तगडात राहणाऱ्या माणसाला उद्या परळच्या दवाखान्यात किती वाजता पोहोचू, हे त्यातल्या एकाही आकड्यावरून कळत नाही. तिकीट काढण्याआधी घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ कागदावर मांडायला हवा आणि मगच विमान, रेल्वे की गाडी हे ठरवायला हवे. हा हिशोब अवघड नाही. तो कसा करायचा, हे जालन्याचीच उदाहरणे घेऊन सांगतो.

आधी अंतराचे पाहू. जालना साधारण १९.८४ उत्तर अक्षांशावर आणि ७५.८८ पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सहारचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे मुंबई आपल्यापेक्षा ८३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३१६ किलोमीटर पश्चिमेला आहे. शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण येतो ३२७ किलोमीटर. हे झाले हवाई अंतर. नववी-दहावीतल्या मुलांकडून हा हिशोब एकदा करून घ्यावा. भूगोल आणि गणित दोन्ही एका बैठकीत पक्के होतात.

आता रेल्वे पाहा. जालन्याहून निघालेली गाडी मुंबईच्या दिशेने सरळ जातच नाही. ती आधी वायव्येला मनमाडपर्यंत चढते आणि तिथून नाशिक रोड, इगतपुरी, कसारा असा घाट उतरत मुंबईत पोहोचते. कारण आपला लोहमार्ग निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, हैदराबादला मनमाडशी जोडण्यासाठी टाकला गेला. मुंबईशी सरळ नाते जोडणे हा त्याचा हेतू नव्हता. म्हणून जालना ते मनमाड १७६ आणि मनमाड ते मुंबई २६१, असे मिळून सुमारे ४३७ किलोमीटर होतात. हवाई अंतरापेक्षा एक तृतीयांशाने जास्त. रस्त्याने हेच अंतर चारशेच्या आसपास भरते.

पुण्याच्या बाबतीत हा फरक आणखी डोळ्यांत भरतो. जालना ते पुणे हवाई अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्त्याने तीनशे. रेल्वेने मात्र मनमाड, दौंड असा वळसा घालावा लागतो आणि आकडा पाचशेच्या जवळ जातो. पुण्याला शिकणारी आपली मुले एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने का ये-जा करतात, याचे उत्तर यात आहे. पुण्यासाठी विमानाचा विचारही करू नये.

विमानाच्या वेळेकडे वळू. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची जी वेळ छापलेली असते, ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे हे सगळे त्यात धरलेले असते. त्यामुळे अंतर निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. अंदाजासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा : हवाई अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागावे आणि वर पस्तीस-चाळीस मिनिटे मिळवावीत. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई २८० किलोमीटर आहे. भागाकार एकवीस मिनिटांचा आणि वरची चाळीस मिनिटे, म्हणजे एक तास. दिल्ली ९८० किलोमीटर, म्हणजे एक तास पन्नास मिनिटे ते दोन तास. हैदराबाद सुमारे ४३०. पण तिथे कोणते विमान आहे ते पाहावे. समोर पंखे फिरणारे लहान एटीआर विमान असेल तर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो, आणि तो प्रवास सव्वा ते दीड तासाचा होतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिलेला असतो, तिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही.

छापलेली वेळही दर वेळी पाळली जाईलच असे नाही. मुंबईच्या सहारच्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकीचाच वापर होतो. गर्दीच्या वेळी विमानांना उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. दिल्लीत डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत सकाळचे धुके उड्डाणांचे वेळापत्रक कोलमडवून टाकते. त्या दिवसांत दिल्लीला जायचे असेल आणि निवड हातात असेल, तर दुपारी उतरणारे विमान घ्यावे. पहाटेच्या विमानाने जाऊन त्याच सकाळी मुलाखत किंवा परीक्षा गाठण्याचा बेत हिवाळ्यात करू नये.

जालन्यातून प्रवासी विमानसेवा नाही, पण आपल्याला एक मोठी सोय आहे. चिकलठाणा विमानतळ संभाजीनगर शहराच्या पूर्वेला, आपल्या बाजूला, जालना रोडलाच लागून आहे. शहराची गर्दी ओलांडावी लागत नाही. मस्तगडहून बदनापूर, करमाड, शेंद्रा असे करत पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. गाडीने एक तास पुरतो, पण सव्वा तास धरावा. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायच्या वेळी त्याहून थोडा जास्त. सामान कमी असेल आणि वेळ हाताशी असेल, तर संभाजीनगरच्या एसटीनेही जाता येते. मात्र विमानतळाजवळ कुठे उतरता येईल हे बसमध्ये चढतानाच वाहकाला विचारून घ्यावे. नाहीतर बस पुढे मध्यवर्ती स्थानकापर्यंत नेते आणि तिथून रिक्षाने परत उलटे यावे लागते.

देशांतर्गत प्रवासात सामान देण्याची खिडकी साधारण उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. या वेळा उड्डाणाच्या वेळेपासून मागे मोजायच्या असतात आणि त्यात सवलत मिळत नाही. म्हणून चिकलठाण्याला दीड तास आधी पोहोचावे. हा विमानतळ लहान आहे, दीड तास पुरेसा होतो. घरूनच मोबाइलवर चेक-इन करून ठेवले आणि हातात फक्त सात किलोची बॅग असली, तर मनावरचा ताण बराच उतरतो. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी, ती खाली द्यायच्या सामानात चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सोबत घेऊ नयेत. त्यातल्या तेलामुळे त्या ज्वलनशील समजल्या जातात आणि तपासणीत काढून ठेवल्या जातात. मुलाकडे चाललेल्या आईच्या पिशवीत त्या हमखास असतात, म्हणून मुद्दाम सांगितले. जालन्याची मोसंबी दिल्लीला खुशाल न्यावी. अमेरिकेला मात्र ताजी फळे नेऊ देत नाहीत.

आता मुंबईचा हिशोब मांडू. समजा विमान संध्याकाळी सातचे आहे. मस्तगडहून सव्वाचारला निघायचे, साडेपाचला विमानतळ, सात वाजता उड्डाण, आठ-सव्वाआठला मुंबई, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, आणि तिथून परळला एक तास. दारापासून दारापर्यंत साडेपाच तास झाले. विमानाचा एक तास म्हणून जो सांगितला होता तो एकूण वेळेच्या पाचव्या भागाएवढाही नाही.

दुसरीकडे वंदे भारत एक्सप्रेस आहे. ती ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईसाठी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. सकाळी जालन्यातून बसले की साधारण सात तासांत मुंबई, आणि ती दादरला थांबते. परळ तिथून जवळ. घरापासून स्टेशन, थोडे थांबणे आणि शेवटची टॅक्सी धरली तरी साडेसात तास. म्हणजे विमानाने दोन तास वाचतात. पण रेल्वेच्या साडेसात तासांत एकाच जागी बसून राहता येते. विमानाच्या साडेपाच तासांत पाच वेळा उठावे, रांगेत उभे राहावे आणि सामान उचलावे लागते. आजारी माणसाला किंवा सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन जायचे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : मुंबईला रेल्वेने जावे.

कर्करोगाच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात जाणारी कितीतरी कुटुंबे मराठवाड्यात आहेत. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की डॉक्टरांच्या विहित नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. ती स्लीपर आणि थ्री एसीच्या डब्यांत मिळते, वंदे भारतमध्ये नाही. त्यांच्यासाठी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस जास्त उपयोगाची. रात्री जालन्यातून निघून सकाळी मुंबईत उतरता येते, आणि आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करण्याचा खर्चही वाचतो. आरक्षण तेवढे वेळेत करावे लागते.

मुंबईला विमान कधी घ्यावे? अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे या भागात काम असेल, एका दिवसात परत यायचे असेल आणि दोन्ही वेळची विमाने सोयीची असतील तेव्हा. किंवा मुंबईहून पुढचे विमान पकडायचे असेल तेव्हा. ती गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

दिल्लीचे गणित अगदी उलटे आहे. सचखंड एक्सप्रेस जालन्याहून थेट दिल्लीला जाते, पण जवळजवळ एक पूर्ण दिवस घेते. विमानाने घर ते विमानतळ सव्वा तास, तिथे दीड तास, उड्डाण दोन तास, बाहेर पडायला पाऊण तास आणि दिल्लीत सव्वा तास. पावणेसात तासांत माणूस राजेंद्रनगरच्या खोलीवर किंवा एम्सच्या दारात असतो. सोळा-सतरा तास वाचतात. परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत राहणाऱ्या मुलाला सामानासह पोहोचवायचे असेल तर सचखंड बरी, कारण दोन ट्रंका आणि पुस्तकांची खोकी विमानाच्या पंधरा किलोंत बसत नाहीत. पण घरात कुणाचे काही झाले आणि त्याला तातडीने परत यायचे असेल, तर विमानाला पर्याय नाही. दिल्ली-संभाजीनगर तिकीट सोयीच्या वेळेचे मिळाले नाही, तर दिल्ली-मुंबई किंवा दिल्ली-पुणे पाहण्याआधी शिर्डीही पाहावे. काकडीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, आणि समृद्धी महामार्गामुळे तिथून जालना आता गाडीने दोन-अडीच तासांवर आले आहे.

हैदराबादबद्दल थोडक्यात. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, त्यामुळे नातेवाईक आणि व्यापार दोन्ही तिकडे आहेत. अजिंठा एक्सप्रेस रात्रीत हैदराबादला पोहोचवते. दिवसाचे काम असेल तर विमान, नाहीतर रात्रीची गाडी; दोन्ही चांगल्या.

परदेशी जाण्याचा भाग सविस्तर सांगायला हवा, कारण सर्वांत महागडे घोळ तिथेच होतात. पहिली गोष्ट तारखेची. मुंबईहून युरोप-अमेरिकेची आणि आखाताची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०१:३०’ लिहिले असेल, तर ते चौदा तारखेच्या रात्रीचे विमान आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे चौदा तारखेला रात्री साडेदहाला विमानतळावर. जालन्याहून गाडीने सहा तास आणि अडचणीसाठी दोन तास धरले, तर चौदा तारखेला दुपारी अडीचला घर सोडायचे. तिकीट हातात आल्याबरोबर ही दुपारी अडीचची वेळ घरातल्या दिनदर्शिकेवर चौदा तारखेच्या चौकोनात लिहून ठेवावी. पंधराच्या चौकोनात काहीही लिहू नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. मुंबईहून दुबई १,९३० किलोमीटर, उड्डाण सव्वातीन तासांचे. पण तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर पावणेदोन तासच येतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री दीडला सुटून त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरते असे लिहिले आहे. वजाबाकी सहा तास, त्यात साडेदहा मिळवा, म्हणजे माणूस साडेसोळा तास विमानात बसणार आहे. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा या साडेसोळा तासांवर ठरवाव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. औषधे चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा का नसतो, असे अनेकजण विचारतात. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. अमेरिकेहून परत येताना ते पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी भरतो. वाटही सपाट नकाशावर दिसते तशी आडवी पश्चिमेला जात नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया, उत्तर युरोप आणि उत्तर अटलांटिकवरून जातो, आणि हीच साडेबारा हजार किलोमीटरची सर्वांत जवळची वाट आहे. पण विमानांना ती नेहमी मोकळी मिळत नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडून वेळ वाढला. दोन शहरांतले अंतर तेच राहून उड्डाणाचा वेळ असा बदलू शकतो. म्हणून जुन्या प्रवासाच्या आठवणीवर विसंबू नये, ताजे तिकीट पाहावे.

तिसरी गोष्ट, मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार-सांताक्रूझ, ‘एनएमआय’ असेल तर पनवेल-उलवे बाजूचे नवी मुंबई. दोन्हींमध्ये मुंबईच्या वाहतुकीतून सहज दीड-दोन तास जातात. उतरायचे एका ठिकाणी आणि पुढचे विमान दुसऱ्या ठिकाणाहून, असे तिकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपल्या विमानतळाची खूण ‘आयएक्सयू’ आहे. शहराचे नाव काही ठिकाणी जुने दिसते, काही ठिकाणी नवे, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. म्हणून नावापेक्षा ही तीन अक्षरे पाहावीत.

मुंबईपर्यंत कसे जायचे? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. जालन्याच्या लोकांना निधोन्याजवळ त्यावर चढता येते. आमण्यापर्यंत गाडी झपाट्याने जाते, पण त्यानंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी लागते आणि तिथे तास-दीड तास सहज जातो. म्हणून एकूण सहा तास धरायला सांगितले. या रस्त्यावर वळणे कमी आणि वेग एकसारखा, त्यामुळे चालकाला डुलकी लागण्याचा धोका मोठा आहे. माणसाला विमानतळावर सोडून त्याच रात्री त्याच चालकाने परत निघणे टाळावे. मुंबईत चार तास झोपून सकाळी निघावे. टायर आणि त्यांतली हवा जालन्यातच तपासून घ्यावी.

चिकलठाण्याहून विमानाने जाऊन पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावीत. पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते, आणि सामानही बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत पाठवले जाते. वेगवेगळी तिकिटे काढली तर चुकलेल्या विमानाचे पैसे आपले गेले. तशी वेळ आलीच तर दोन विमानांमध्ये निदान पाच-सहा तास ठेवावेत.

उशीर झाल्यावर आपला हक्क काय, तेही माहीत असावे, कारण तो तिकिटावरच्या उड्डाणवेळेशीच बांधलेला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना कंपनीने खाण्यापिण्याची सोय करावी लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची आहे. म्हणजे आपल्या मुंबई, दिल्ली, हैदराबाद या तिन्ही विमानांना दोन तासांचा नियम लागतो. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतले एक मागता येते. हे खिडकीवर शांतपणे आणि ठामपणे मागावे. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवावी, निदान दोन दिवस आधी तरी.

परतीचा हिशोबही निघण्याआधीच करून ठेवावा. रात्री उशिरा चिकलठाण्याला उतरणारे विमान असेल, तर त्या वेळी जालन्याची एसटी रस्त्यावर मिळेलच असे नाही. घरची गाडी किंवा ओळखीचा चालक आधीच सांगून ठेवावा. त्याला उड्डाणाची वेळ न देता विमानाचा क्रमांक द्यावा, म्हणजे विमान खरोखर कुठे पोहोचले आहे हे मोबाइलवर पाहून तो मस्तगडहून निघू शकतो.